आधी कॉलेज की आधी करार?

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद. या पट्ट्यातल्या कुठल्याही क्रिकेट अकादमीच्या कुंपणाबाहेर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहा. आत पोरं नेटमध्ये घाम गाळत असतात. बाहेर आईबाप पाण्याच्या बाटल्या सांभाळत एकाच विषयावर बोलत असतात. मुलगा खेळतोय झकास, पण शिक्षणाचं काय? उद्या मोठ्या संघाचं बोलावणं आलं, तर कॉलेज सोडायचं की बोलावण्याला ‘जरा थांबा’ म्हणायचं?

नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारच्या वैभव सूर्यवंशीला राजस्थान रॉयल्सनं एक कोटी दहा लाखांना घेतलं, तेव्हा तो अवघा तेरा वर्षांचा होता. २८ एप्रिल २०२५ रोजी त्यानं ३५ चेंडूंत शतक ठोकलं आणि घरोघरी ही चर्चा आणखी तापली. पण वैभव हा अपवाद. अपवादावरून घरातले निर्णय घेता येत नाहीत. त्यापेक्षा दिल्लीतल्याच एका कॉलेजकुमाराची गोष्ट अधिक शिकवून जाते.

वर्ल्ड कप आणला, पण हजेरी कमी

उन्मुक्त चंद हे नाव आठवतं? आईवडील दोघंही शिक्षक. शाळा बाराखंबा रोडवरची मॉडर्न स्कूल. शाळेत असतानाच त्याला दिल्लीच्या रणजी संघात जागा मिळाली. २०११ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो दिल्ली डेअरडेव्हिल्सकडून आयपीएल खेळला आणि त्याच वर्षी सेंट स्टीफन्स कॉलेजात दाखल झाला. कॉलेज आणि करार, दोन्ही एकाच वेळी!

२६ ऑगस्ट २०१२ रोजी ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिल इथं १९ वर्षांखालच्या वर्ल्ड कपची अंतिम लढत झाली. समोर यजमान ऑस्ट्रेलिया, विजयासाठी हव्या होत्या २२६ धावा. कर्णधार उन्मुक्तनं नाबाद १११ धावा काढल्या आणि भारतानं सहा गडी राखून कप जिंकला. देशभर जल्लोष झाला. इकडे कॉलेजात मात्र वेगळाच हिशेब चालू होता. हजेरी कमी भरल्यामुळे त्याला दुसऱ्या सत्राच्या परीक्षेला बसू दिलं नव्हतं. परीक्षा नाही, म्हणून दुसऱ्या वर्षात प्रवेश नाही!

वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. अखेर दिल्ली विद्यापीठाच्या कुलगुरूंनी आपले खास अधिकार वापरून त्याला वरच्या वर्गात घातलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्रकरण मिटलं.

पण खरंच मिटलं का? उन्मुक्तकडे वर्ल्ड कप होता म्हणून दार उघडलं. त्याच वर्षी दिल्लीच्या संघासोबत गावोगाव हिंडून राखीव खेळाडू म्हणून बसून राहिलेल्या एखाद्या पोराची हजेरीही कमीच भरली असणार. त्याच्यासाठी कोण कुलगुरू धावणार? कॉलेजचंही चूक म्हणता येत नाही. नियम सगळ्यांना सारखा हवा, हा त्यांचा मुद्दा रास्तच होता. चूक होती ती अशी, की खेळणाऱ्या मुलासाठी वेगळी, ठरलेली वाटच नव्हती. होता तो फक्त मोठ्यांचा वशिला किंवा मोठा कप.

एकाच गावचे दोन कर्णधार

उन्मुक्तच्या चार वर्षं आधी, २००८ मध्ये, दिल्लीच्याच विराट कोहलीनं हाच कप जिंकला होता. त्याच वर्षी तो आयपीएलमध्ये उतरला, त्याच वर्षी भारतीय संघात आला. पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे.

उन्मुक्तलाही लोक ‘दुसरा कोहली’ म्हणू लागले. २०१३ च्या आयपीएलमध्ये हंगामाच्या पहिल्याच चेंडूवर ब्रेट लीनं त्याचा त्रिफळा उडवला. भारत ‘अ’ संघाचं कर्णधारपद त्यानं सांभाळलं, राजस्थान आणि मुंबईच्या आयपीएल संघांतही तो होता. पण भारताच्या मुख्य संघाचं दार उघडलं नाही. पुढे तो दिल्ली सोडून उत्तराखंडकडून खेळला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, भारतीय क्रिकेटचा निरोप घेऊन अमेरिकेत खेळायला गेला.

त्यानं कॉलेज संपवून मगच करार केला असता तर चित्र बदललं असतं का? मला तसं वाटत नाही. कोहली आणि उन्मुक्त, दोघांनीही संधी आली तेव्हाच घेतली. एकाला ती फळली, एकाला नाही. उशीर केला असता तर फळली असती, असं म्हणायला काही आधार नाही. प्रश्न उशिराचा नाहीच. संधी फळली नाही तर पुढे काय, हा आहे.

अमेरिकेतलं थांबणं वेगळं

‘अमेरिकेत बघा, मुलं आधी कॉलेज करतात,’ असा दाखला हमखास दिला जातो. तिथल्या फुटबॉलमध्ये (हा आपला फुटबॉल नव्हे, चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि फेकण्याचा खेळ) नियमच आहे, की शाळा संपल्यावर तीन वर्षं उलटल्याशिवाय व्यावसायिक लीगमध्ये जाता येत नाही. या खेळात चेंडू फेकून साऱ्या संघाला खेळवणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. कॉलेजचा क्वार्टरबॅक चमकला की तिथंही घरोघरी हाच वाद रंगतो: आत्ताच जावं की आणखी एक वर्ष थांबावं?

स्टॅनफर्ड विद्यापीठाचा अँड्र्यू लक २०११ मध्ये थांबला. पदवी घेतली आणि २०१२ च्या निवडीत पहिल्या क्रमांकानं निवडला गेला. दक्षिण कॅलिफोर्नियाचा मॅट लायनार्टही २००५ मध्ये असाच थांबला. तो मात्र २००६ च्या निवडीत दहाव्या क्रमांकावर घसरला. म्हणजे थांबण्याचं फळ तिथंही दोन्ही प्रकारचं.

पण खरा फरक पुढेच आहे. तिथं थांबणारा मुलगा घरी बसत नाही. त्या वर्षातही तो हजारो प्रेक्षकांपुढे, उत्तम प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळतो. २०२१ पासून तर कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून पैसेही मिळवता येतात. तिथं कॉलेज हाच जिना आहे.

आपल्याकडेही एकेकाळी तो होता. सुनील गावस्कर सेंट झेवियर्स कॉलेजातून, मुंबई विद्यापीठाच्या संघातून वर आले. अरुण लाल आणि कीर्ती आझाद सेंट स्टीफन्सचेच. आंतरविद्यापीठ सामन्यांच्या रोहिंटन बारिया करंडकावर निवड समितीची नजर असे. कॉलेज संपलं की बँक किंवा कंपनीत नोकरी मिळे. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, गावस्कर निरलॉनमध्ये. भारतीय संघात जागा मिळाली नाही तरी महिन्याचा पगार चुकत नसे.

२००८ मध्ये आयपीएल आली आणि जिना दुसरीकडे सरकला. आता निवड होते ती वयोगटाच्या स्पर्धांतून, राज्याच्या संघांतून, टॅलेंट हंटमधून. त्यामुळे आपल्या मुलाला ‘तीन वर्षं थांब’ म्हणणं म्हणजे बहुतेक वेळा ‘तीन वर्षं नजरेआड हो’ म्हणणं. अमेरिकेतला सल्ला इथं जसाच्या तसा चालत नाही.

मुंबईच्या सौरभची गोष्ट

मग वाट कुठली? मुंबईचा सौरभ नेत्रावळकर बघा. २०१० मध्ये तो भारताकडून १९ वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. के. एल. राहुल, मयंक अगरवाल, जयदेव उनाडकट हे त्याचे सोबती. परत आल्यावर त्यानं अंधेरीच्या सरदार पटेल इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंग पूर्ण केलं. २०१३ मध्ये मुंबईकडून रणजी सामना खेळला. एकच! पदवी हातात आल्यावरही त्यानं क्रिकेट चालू ठेवलं, पण मुंबईच्या संघात जम बसला नाही. मग २०१५ मध्ये तो उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गेला आणि पुढे ओरॅकलमध्ये नोकरीला लागला.

क्रिकेट सुटलं नाही. ६ जून २०२४ रोजी टी-२० वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेनं पाकिस्तानला हरवलं, तेव्हा सुपर ओव्हर टाकणारा गोलंदाज सौरभ होता. सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यानं कोहली आणि रोहित शर्मा, दोघांनाही बाद केलं.

याचा अर्थ सौरभ शहाणा आणि उन्मुक्त चुकला, असा मुळीच नाही. उन्मुक्तनं अठराव्या वर्षी जे दार उघडलं होतं, ते सौरभसाठी त्या वयात उघडलंच नव्हतं. आणि इंजिनिअरिंग करत करत क्रिकेट सांभाळणं प्रत्येकाला झेपणारंही नाही. पण सौरभच्या घरानं एक गोष्ट जपली. परतीची वाट बंद होऊ दिली नाही.

मुलीच्या घरी हा प्रश्न आणखी अवघड होतो. मुलाला ‘खेळ, बघू पुढे’ म्हणणारं घर मुलीला ‘आधी पदवी, मग लग्न’ म्हणतं, त्यात खेळ कुठेच बसत नाही. सांगलीच्या स्मृती मानधनाच्या घरानं ते केलं नाही. सोळाव्या वर्षी ती भारताकडून खेळली आणि २०२३ च्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात तिला सर्वाधिक, तीन कोटी चाळीस लाखांची बोली मिळाली.

घरी बसून ठरवायच्या गोष्टी

तेव्हा आईबापांनो, राज्याच्या संघाचं किंवा आयपीएलचं खरंखुरं बोलावणं आलं, तर मुलाला अडवू नका. खेळाडूचं वय फार थोडं असतं. पदवी पंचविसाव्या वर्षीही घेता येते, जलदगती गोलंदाजी पंचविसाव्या वर्षी शिकता येत नाही. पण ‘बोलावणं येईल’ या आशेवर शाळा सोडवू नका. आशा वेगळी, करार वेगळा.

बारावी पूर्ण करायचीच, यावर घरात वाद नको. रोज कॉलेजात जाणं जमत नसेल तर दिल्लीतच इग्नू आहे, दिल्ली विद्यापीठाचं स्कूल ऑफ ओपन लर्निंग आहे. इग्नूत बी.ए. तीन वर्षांत करता येतं आणि सहा वर्षांपर्यंत पुरवताही येतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं पदवी मधेच थांबवून परत येण्याची सोयही मान्य केली आहे. प्रवेश घेण्याआधीच कॉलेजला विचारा: सामने आणि परीक्षा एकाच वेळी आल्या तर पुन्हा परीक्षा घेणार का? उत्तर तोंडी नको, लेखी घ्या. मात्र फुकटचे गुण मागू नका. मुलाला परीक्षा चुकवायची नाही, नंतर द्यायची आहे.

पहिला मोठा चेक आला की गाडी आणि बंगल्याची स्वप्नं बाजूला ठेवा. त्यातला मोठा हिस्सा मुलाच्या नावावर बँकेत टाका. गुडघा दुखावला तर ऑपरेशनला, खेळ संपला तर फीला तोच कामी येईल. आणि मुलाशी बसून एक वय ठरवा, समजा चोवीस. तोवर जीव तोडून खेळायचं. त्या दिवशी पुन्हा एकत्र बसायचं, निकाल लावायला नव्हे, हिशेब करायला.

उन्मुक्त कप घेऊन परतला, तेव्हा विद्यापीठानं एका मुलासाठी नियम वाकवला. गरज आहे ती सगळ्या खेळाडूंसाठी सरळ नियमाची. तो होईपर्यंत परतीची वाट मोकळी ठेवण्याचं काम घरालाच करावं लागेल.