पाळण्यात कोण, बाकड्यावर कोण?

जालन्यातल्या शाळांच्या सहली पूर्वी वेरूळ, दौलताबाद, पैठण करून संध्याकाळी घरी यायच्या. आता दिवाळीची सुट्टी संपून वर्ग भरले की मुले पहिल्याच आठवड्यात विचारतात, "यंदा इमॅजिका आहे ना?" मोहल्ल्यातही तेच. कुणाचा भाऊ सौदीहून सुट्टीवर आला, कुणाकडे निकाह उरकला, की नातलगांची एक गाडी खोपोलीकडे निघतेच. आणि त्या गाडीत मांडीवरचे एक बाळ आणि नुकते धावू लागलेले एक पोर असतेच असते. आपल्या घरांत ती दोन्ही नाहीत असा काळ फारसा येत नाही. थीम पार्कच्या जाहिरातीत मात्र ही दोन माणसे सहसा दिसत नाहीत. तिथे बारा-पंधरा वर्षांची मुले हात वर करून ओरडत असतात. म्हणून या महिन्यात लिहायचे ते या दोघांविषयी, आणि त्यांना धरून बसणाऱ्या तिसऱ्या माणसाविषयी.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे आठ जण गेलो होतो. अम्मी, आमचा धाकटा भाऊ, भावजय, त्यांची अडीच वर्षांची मुन्नी आणि आठ महिन्यांचा बाबू, आमची दोन मोठी मुले आणि आम्ही. विद्यार्थ्यांना घेऊन याआधी जाणे झालेले होते, त्यामुळे रस्ता आणि रांगा ओळखीच्या होत्या. पण सत्तर विद्यार्थी सांभाळणे आणि एक आठ महिन्यांचे बाळ सांभाळणे यांत सोपे काय, हे विचाराल तर आम्ही विद्यार्थी घेऊ. ते निदान शिट्टी वाजवली की रांगेत उभे राहतात.

एक जुनी गोष्ट इथे सांगितली पाहिजे. अमेरिकेतले वॉल्ट डिस्ने आपल्या दोन लहान मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये नेत. मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसत आणि हे बाकड्यावर बसून शेंगदाणे खात. आई-बापांनी आणि मुलांनी मिळून मजा करावी अशी जागा का असू नये, हा विचार त्या बाकड्यावर सुचला, असे ते स्वतः सांगत. पुढे 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम इथे डिस्नेलँड सुरू झाले आणि जगभरच्या थीम पार्कना तिथून वळण मिळाले. आपल्याकडे गोराईला 1989 मध्ये एस्सेलवर्ल्ड आले. होडीतून खाडी ओलांडून तिथे जायचे, त्यातच निम्मी सहल वसूल व्हायची. ते आता बंद झाले आहे. खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीजवळ इमॅजिका 2013 मध्ये उघडले. 2022 मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आले. शिर्डीचे वॉटर पार्कही त्यांचेच.

आता गंमत अशी की डिस्नेसाहेब ज्या बाकड्यावरून उठले, ते बाकडे काही रिकामे राहिले नाही. कुठल्याही पार्कात जा, मोठ्या पाळण्यांच्या बाहेर सावलीत बाकडी असतात आणि त्यांवर मांडीवर बाळ घेऊन बाया बसलेल्या असतात. आजूबाजूला सहा पिशव्या, चार मोबाइल, तीन चष्मे, सगळ्यांच्या चपला. सकाळी अकराला बसलेली बाई संध्याकाळी सहाला तिथेच. तिकीट मात्र तिचेही पूर्ण असते. पाळण्यात बसा की बाकड्यावर, गेटवर मोठ्या माणसाचे हजाराच्या वर पैसे द्यावेच लागतात.

आमच्याकडेही तेच ठरत होते. निघायच्या आदल्या रात्री भाऊ सहज म्हणाला, "ती बसेल ना बाबूजवळ." भावजय समोरच पिशवीत लंगोट भरत होती. ती काही बोलली नाही. तिला कुणी विचारलेलेही नव्हते. अम्मीच म्हणाल्या, "पैसे देके बैठनाच है तो घर का ओटा क्या बुरा है?" मग आम्ही शाळेत करतो तसे वेळापत्रक मांडले. दर दीड तासाने बाळाजवळचा माणूस बदलणार. कुणाचा तास कोणता हे कागदावर लिहिले. भावजयीचे नाव पहिल्या तासाला लिहिले नाही, आणि हे मुद्दाम.

परदेशातल्या मोठ्या पार्कांत यासाठी सोयच केलेली असते. रांगेत दोघे एकत्र उभे राहतात; एक पाळण्यात जातो, दुसरा बाळाला घेऊन थांबतो; पहिला उतरला की दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता आत सोडतात. आपल्याकडे गेटवरच्या माणसाला अदबीने विचारून पाहायला हरकत नाही. नाही म्हणाला तर दोन रांगा लावाव्या लागतात, म्हणून सुट्टीच्या गर्दीपेक्षा मंगळवार-बुधवार गाठावा.

प्रवासाचे थोडक्यात. आमचे घर नवीन जालन्यात, स्टेशन कुंडलिकेच्या पुलापलीकडे जुन्या जालन्यात. मोटारीने समृद्धी महामार्गही आहे, पण लहान मुलांसाठी आम्हाला रेल्वेच बरी वाटते. बाळाला उठून फिरवता येते, लंगोट बदलता येतो, आणि मुख्य म्हणजे आई मागच्या सीटवर अडकून पडत नाही. देवगिरी एक्स्प्रेस रात्री घ्यावी, सकाळी कल्याणला उतरावे, तिथून कर्जतमार्गे लोकलने खोपोली. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट नाही, पण मग बर्थही नाही. म्हणून आईला खालचा बर्थ मिळेल असे आरक्षण वेळेवर करावे. उतरल्यावर तडक पार्क गाठू नये. एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. रात्रभर प्रवास केलेले अडीच वर्षांचे मूल दुपारी दोन वाजता काय करते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको.

आता उंचीची काठी. इमॅजिकात मुलांचे तिकीटही वयावर नाही, उंचीवर ठरते, आणि प्रत्येक पाळण्यापाशी उंचीची खूण असते. या काठीशी भांडणारे बाप आम्ही दरवेळी पाहतो. "दो इंच से क्या होता है साहब?" एकाने तर मुलीला टाचा उंच करायला सांगितले. खुलताबादच्या उरुसातल्या पाळण्यांत आम्ही लहानपणी बसलो तेव्हा कुणी उंची मोजली नाही, ही गोष्ट खरी. पण त्याचा अर्थ मोजायला नको होती असा नाही. पाळण्याचा दांडा मोठ्या मुलाच्या मांड्यांवर बसेल असा बनवलेला असतो. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड, मान नाजूक, कंबर बारीक. झटका बसला की ते दांड्याखालून घसरते. आणि मांडीवर घेऊन बसणे हा उपाय नव्हे. वेगात फिरताना हातातले मूल हातात राहील याचा भरवसा पैलवानानेही देऊ नये. त्या काठीजवळ उभा असलेला विशी-बाविशीचा मुलगा दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन आपल्या मुलांचे रक्षण करीत असतो. त्याला सलाम करावा.

मग अडीच वर्षांच्या पोराला तिथे आहे काय? बरेच आहे. गोल फिरणारे घोडे आहेत, उडणारे छोटे हत्ती आहेत, दुपारनंतर निघणारी नाच-गाण्याची मिरवणूक आहे. मुन्नी घोड्यावर तीनदा बसली. पण तिला सर्वांत जास्त काय आवडले म्हणाल तर पाण्याचे कारंजे आणि रस्त्यावरची एक साळुंकी. साळुंकीच्या मागे ती अर्धा तास होती. आमचा मोठा मुलगा चिडला, "हे तर आपल्या मोतीबागेतही आहे!" आहेच. पण त्या अर्ध्या तासात तिचे हसणे मोतीबागेतल्यासारखेच होते, त्यात कमी-जास्त काही नव्हते. एक ध्यानात ठेवावे, मोठ्या डोक्याचे सोंग घेतलेली माणसे फोटोसाठी जवळ आली की या वयाची मुले भेदरतात. फोटोसाठी रडते मूल त्या सोंगाच्या हातात देऊ नये. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला तर अनोळखी चेहऱ्याची भीती याच वयात येते. ते वाढीचेच लक्षण आहे. बाबू आमच्या मोठ्या मुलाकडेही दहा मिनिटांच्या वर राहिना. म्हणून वेळापत्रक करताना बाळ कुणाकडे रमते ते आधी पाहावे. आमच्याकडे ती व्यक्ती अम्मी होत्या, आणि त्यांच्या हातात बाळ आणि बाजूला तस्बीह, असे त्यांचे दोन तास निघाले.

सलीमगड नावाचा भुतांचा वाडा आणि मोठ्या आवाजाचे खेळ यांपासून दोघांनाही लांब ठेवावे. पाण्यात पळणारी राजासॉरसची होडी मोठ्यांसाठी आहे. पण मोठ्या मुलांना जाता जाता सांगावे की हा प्राणी सिनेमावाल्यांनी बनवलेला नाही. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात त्याची हाडे सापडली आणि 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिले.

ऊन हा खरा शत्रू. मराठवाड्याचे ऊन कोरडे, तिथले घामट. बाळ कधी सुकले ते पटकन कळत नाही. आपल्या घरांत एक पद्धत आहे, बाळाच्या गाडीवर जाड ओढणी किंवा चादर टाकून पूर्ण झाकायचे. नजरही लागत नाही आणि ऊनही लागत नाही, असा हिशेब. पण झाकलेल्या गाडीत हवा कोंडते आणि आतला उकाडा बाहेरच्यापेक्षा वाढतो. छत्री धरा, सावलीत थांबा, पण गाडी झाकू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचे दूधच पुरेसे असते, वरून पाणीही नको. फक्त दूध पाजण्याच्या वेळा वाढवाव्यात. त्याहून मोठ्याला उकळून गार केलेले पाणी घोट-घोट द्यावे. चार-पाच तास लंगोट कोरडा राहिला, बाळ सुस्त पडले, तर पाळणे सोडून प्रथमोपचार केंद्र गाठावे. बाहेरचे खाणे पार्कात नेऊ देत नाहीत; बाळाच्या खिचडीला सहसा हरकत घेत नाहीत, तरी आधी फोन करावा. गोश्ताबद्दल मनात शंका असेल तर आत डाळ-भात मिळतो, तो घ्यावा. जोहरची नमाज आम्ही एका झाडाखाली मुसल्ला टाकून अदा केली. कुणी काही बोलले नाही.

आता भगिनींसाठी एक निकडीची गोष्ट. चाकात, साखळीत ओढणी अडकून जीव गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. पडदा करणाऱ्यांनी पाळण्यात बसूच नये असे यातून काढणारे काढतात. आम्हाला ते पटत नाही. सुटी ओढणी आणि घेरदार नकाब त्या दिवसापुरता घरी ठेवावा. डोक्यावरून ओढून घालायचा शिवलेला स्कार्फ, पिना न लावता, टोके आत खोचून. खाली बेताचा लांब कुर्ता आणि सलवार. भावजय तशीच आली होती. तिला कुठेच अडवले नाही.

हरवण्याचेही सांगून ठेवतो. मुन्नीच्या मनगटावर आम्ही बॉलपेनाने मोबाइल नंबर लिहिला होता. गळ्यातल्या पाकिटावर मुलाचे नाव मोठ्या अक्षरात लिहू नये. नावाने हाक मारणाऱ्याकडे मूल ओळखीचा समजून जाते. सकाळीच सगळ्यांचा फोटो काढावा, म्हणजे अंगावर कोणते कपडे होते ते सांगता येते. आणि 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावा.

बरेच जण विचारतात की इतक्या लहान मुलांना काही आठवणार नसेल तर एवढा खर्च कशाला? आठवणार नाही, हे खरे आहे. तीन वर्षांच्या आधीचे मोठेपणी फारसे कुणाला आठवत नाही. म्हणून फक्त बाळासाठी जायचे असेल तर जाऊच नये. संभाजीनगरचे सिद्धार्थ उद्यान आहे, वाघ आहेत, सकाळी जाऊन रात्री घरी येता येते. जायचे ते मोठ्यांसाठी, आणि मोठ्यांत बाळाची आई धरून. भावजय चोवीस वर्षांची आहे. लग्नानंतरच्या चार वर्षांत दोन बाळंतपणे झाली. आमच्या मोठ्या मुलापेक्षा ती फक्त सात वर्षांनी मोठी, हे त्या दिवशी रांगेत दोघांना एकत्र हसताना पाहून आमच्या लक्षात आले.

तिचा तास तीन वाजता होता. 'आय फॉर इंडिया'मध्ये खुर्च्या उचलून मोठ्या पडद्यासमोर नेतात, पाय हवेत लोंबकळतात आणि खालून हिंदुस्थानचे डोंगर, किनारे सरकत जातात. ती बाहेर आली आणि भावाला म्हणाली, "एक बार और जाऊं?" भाऊ बाबूला खांद्यावर घेऊन झुलवत होता. बाबू रडत होता. भावाने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "जा."

परतताना गाडीत दोन्ही पोरे झोपली. भावजय अम्मींना सगळे सांगत होती, पाय कसे लोंबकळतात, गार वारा कसा येतो. अम्मी बराच वेळ ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "उसमें घुटना मोडना पडता क्या?"