पेबलचे तांबे आणि ब्रिस्टलचे पाणी

अलास्काच्या नैऋत्येस, अँकरेजपासून सुमारे 320 किलोमीटरवर, इलियाम्ना सरोवराच्या उत्तरेला एक ओलसर, जवळजवळ वृक्षहीन माळ आहे. 1988 मध्ये कॉमिन्को कंपनीने तेथे पहिले वेधन केले; त्यानंतर हजाराहून अधिक छिद्रे घेतली गेली, तरी आजतागायत खनिजाची एकही खेप बाहेर पडलेली नाही. तांबे, सोने, चांदी आणि मॉलिब्डेनम यांचा जगातील सर्वांत मोठ्या अविकसित साठ्यांपैकी एक असा हा ‘पेबल’. 2025 च्या अखेरीस अमेरिकेने तांब्याचा समावेश अत्यावश्यक खनिजांच्या यादीत केल्यापासून त्याचे नाव पुन्हा कानी पडू लागले आहे. या वादाकडे खाण विरुद्ध मासे अशा सरळ लढतीच्या रूपात पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. प्रत्यक्षात त्याचे मूळ खडकातच आहे.

सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण ओतला जाण्याच्याही दोन कोटींहून अधिक वर्षे आधी, येथील जुन्या सागरी गाळाच्या थरांत ग्रॅनोडायोराइटचा शिलारस घुसला. तो थंड होताना सुटलेल्या उष्ण, खनिजयुक्त द्रवांनी भोवतालचा खडक असंख्य बारीक भेगांनी चिरला आणि त्या भेगांत क्वार्ट्झसोबत गंधकयुक्त खनिजे साठली. पायराइट, मॉलिब्डेनाइट, आणि आयुर्वेदात सुवर्णमाक्षिक म्हणून परिचित असलेले कॅल्कोपायराइट ही त्यांतील प्रमुख. अशा साठ्याला पोर्फिरी म्हणतात. त्याचे वैशिष्ट्य असे की धातू एखाद्या जाड शिरेत एकवटत नाही, तर डोंगरभर विखुरतो.

प्रमाणित आणि निर्देशित या दोन वर्गांत मिळून 650 कोटी टन खडक मोजला गेला आहे. त्यात तांबे सरासरी 0.40 टक्के, तर सोने टनामागे 0.34 ग्रॅम. गुणाकार केला तर अडीच कोटी टनांवर तांबे आणि सुमारे 2,200 टन सोने होते. आकडे डोळे दिपवणारे खरेच, पण भागाकारही करून पाहावा. एक तोळा सोन्यासाठी सुमारे 34 टन खडक फोडावा लागेल, तोही सारे सोने हाती लागले असे मानून. टनामागे चार किलो तांबे निघाले, तर उरलेले जवळजवळ सगळे बारीक पूड होऊन मागे राहते, आणि त्यातील पायराइटला हवा-पाणी लागले की आम्ल तयार होते. समभाग घेणाऱ्या वाचकांनी आणखी एक भेद ध्यानात ठेवावा: ही सारी संसाधने आहेत. नफ्याने काढता येईल असे सिद्ध झालेले, तांत्रिक अर्थाने ‘राखीव’ म्हणता येईल असे यात काही नाही.

पश्चिमेकडील भाग पृष्ठभागाजवळ आहे, पण त्याची प्रत कमी. 2005 मध्ये सापडलेला पूर्वेकडील भाग अधिक समृद्ध. मात्र तो नंतरच्या ज्वालामुखीय व गाळाच्या खडकांखाली दबलेला आहे आणि पुढे एका प्रस्तरभंगापाशी तुटून आणखी खोल गेला आहे. म्हणूनच 2020 च्या आराखड्याने उथळ भाग निवडला आणि खाण 20 वर्षे चालेल असे सांगितले. त्यात उपसले जाणारे खनिज एकूण साठ्याचा छोटा अंश होते. इतका प्रचंड खर्च करून आलेली कंपनी उत्तम भागाच्या उंबरठ्यावरून परत फिरेल, हे प्रस्तुत लेखकाला कधीच पटले नाही. त्याच वर्षी कंपनीचे अधिकारी विस्ताराविषयी बोलतानाची ध्वनिचित्रमुद्रणे उघड झाली आणि मुख्याधिकाऱ्याला पायउतार व्हावे लागले.

यापेक्षा अवघड प्रश्न पाण्याचा. हा साठा नेमका जलविभाजकावर बसला आहे: एकीकडचे पाणी कोक्टुलीतून नुशागॅककडे, दुसरीकडचे अप्पर टॅलारिक ओढ्यातून इलियाम्ना सरोवरात आणि तेथून क्विचॅक नदीत जाते. दोन्ही वाटा ब्रिस्टल उपसागराला मिळतात, जेथे जगातील सुमारे निम्मा सॉकाय सामन येतो. हिमनद्यांनी टाकलेल्या वाळू-गोट्यांतून भूजल सहज झिरपते आणि जेथे ते वर येते अशा रेतीत हा मासा अंडी घालतो. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम जादा तांबेसुद्धा सामनची घ्राणशक्ती मंदावते, आणि घरच्या ओढ्याची वाट तो वासानेच शोधतो.

हिमयुगीन जमिनीवर बांध घालण्याचा धोका काल्पनिक नाही. ब्रिटिश कोलंबियातील माउंट पॉली ही याच जातीची तांबे-सोन्याची खाण. तिचा गाळबांध ऑगस्ट 2014 मध्ये फुटला, कारण पायाखालील हिमसरोवरी चिकणमातीचा दुबळा थर आराखडा करताना ध्यानात आला नव्हता.

2013 मध्ये अँग्लो अमेरिकन बाहेर पडली. पुढच्या वर्षी रिओ टिंटोने आपले समभाग अलास्कातील दोन धर्मादाय संस्थांना चक्क देऊन टाकले. नोव्हेंबर 2020 मध्ये लष्करी अभियंता विभागाने परवाना नाकारला. जानेवारी 2023 मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने स्वच्छ जल कायद्याखाली मनाई केली. सुमारे 160 किलोमीटर ओढेनाले आणि 2,100 एकरांहून अधिक पाणथळ जमीन नष्ट होईल, हा तिचा आधार. जमीन राज्याची असल्याने अलास्का सरकारही कंपनीप्रमाणे मार्च 2024 मध्ये न्यायालयात गेले. इलियाम्ना परिसरातील ज्या कुटुंबांना वेधनाच्या काळात रोजगार मिळाला होता, त्यांच्याविषयी या कज्ज्यांच्या बातम्यांत क्वचितच वाचायला मिळते.

मनाई उद्या उठलीच, तरी नवा परवाना, रस्ता, बंदर आणि वीज यांची तजवीज उरतेच. तांब्याची आजची टंचाई भागवायला पेबल वेळेवर येईल, असे मानण्यास आधार नाही.