वाटाड्यांचं विज्ञान

१९८७ साली केरळच्या अगस्त्य डोंगररांगेत फिरताना शास्त्रज्ञांची दमछाक झाली; सोबतचे काणी आदिवासी वाटाडे मात्र एक रानफळ चघळत ताजेतवाने चालत होते. ते फळ देणाऱ्या ‘आरोग्यपच्चा’ या वनस्पतीपासून तिरुअनंतपुरमच्या वनस्पती संशोधन संस्थेने ‘जीवनी’ हे औषध तयार केलं आणि परवाना शुल्क व स्वामित्वधनाचा निम्मा वाटा काणींना देऊ केला. जैवविविधता कायदा तेव्हा झालेलाही नव्हता. म्हणून त्या संस्थेचं मोल मोठं. पण करार ठरवताना साऱ्या काणी समाजाला विचारलं गेलं नाही, आणि पुढे वनखात्याच्या हरकतींमुळे त्यांना ही वनस्पती विकणंही अवघड झालं. हे आम्हाला सलतं. रानातल्या जाणकारांना केवळ ‘माहिती देणारे’ म्हणणं आता थांबावं. या अंकात त्यांना आम्ही संशोधक म्हटलं आहे.