नातीचे दुसरे वर्ष

गेल्या पावसाळ्यात अमळनेरकडच्या एक आजी नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. आजींचा मधुमेह जुना, दिवसातून दोन वेळा इन्सुलिन. नात त्यांची वही ठेवते. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, इन्सुलिनची मात्रा, रक्तदाब, सारे सुवाच्य अक्षरात. ती वही पाहून ‘नात असावी तर अशी’ असे मी पूर्वी अनेकदा म्हटले होते. त्या दिवशीही म्हणणार होतो, तेवढ्यात आजीच म्हणाल्या, “डॉक्टर, मनी नात जेवस नही.”

मुलगी ‘नीट’ परीक्षेत थोडक्या गुणांनी मागे राहिली होती आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसायचे ठरले होते. वजन पाच किलोने घटलेले, झोप तुटक, डोके सतत दुखणारे. मी तिला तिचा कालचा दिवस सांगायला सांगितला. सकाळी आजीची साखर तपासणे, इन्सुलिन, न्याहारी. मग दळण, आलेगेले, औषधांचे दुकान. दुपारी आजीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणे. संध्याकाळी पुन्हा इन्सुलिन. अभ्यास रात्री दहानंतर. “घरीच असते ना मी,” ती सहज म्हणाली.

वाचकहो, ते वाक्य ऐकून मी वही मिटली. ज्या टापटिपीचे मी कौतुक करीत होतो, तिची किंमत ही मुलगी आपल्या तासांनी मोजत होती, आणि हे मला कधी विचारावेसेही वाटले नव्हते.

खान्देशात अशी घरे पुष्कळ आहेत. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून शासकीय महाविद्यालय सुरू झाले. घराजवळ शिकता येईल ही आशा त्यामुळे वाढली, आणि एका वर्षी हुकले तर पुन्हा बसण्याची प्रथाही. माझ्या पिढीला बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळाला. त्यामुळे या परीक्षेविषयी आम्हा वडीलधाऱ्यांचा अनुभव फारसा उपयोगाचा नाही. महाराष्ट्रातले ७०:३० हे विभागवार सूत्रही २०२० मध्ये रद्द झाले. ‘आपल्या भागाला इतक्या जागा’ हा जुना हिशेबही आता मनातून काढावा.

मग आपण काय करू शकतो? पहिली गोष्ट, प्रश्न बदलू शकतो. ‘किती कमी पडले?’ हे सारा गाव विचारतो. घराने ‘कुठे निसटले?’ असे विचारावे. परीक्षा १८० प्रश्नांची, ७२० गुणांची. त्यांपैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे, बाकीचे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा. गुण एकाच विषयात गेले, की घाईने चुकीची उत्तरे दिल्यामुळे गेले, हे मुलाने स्वतः कागदावर मांडावे. याचे उत्तर हाती नसेल तर दुसरे वर्ष म्हणजे पहिल्याच वर्षाची पुनरावृत्ती ठरते.

दुसरी गोष्ट कागदांची, आणि येथे ज्येष्ठांचा खरा उपयोग आहे. पुन्हा अर्ज करताना मागच्या वर्षीची फाईल जशीच्या तशी चालत नाही. ‘नीट’ची नोंदणी दर वर्षी नव्याने करावी लागते आणि छायाचित्रही अलीकडचे लागते. नॉन-क्रिमी लेयर प्रमाणपत्राची मुदत त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते. आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्रही चालू वर्षाचे लागते. देशपातळीवरच्या जागांसाठी इतर मागासवर्गीयांना केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते. शारीरिक पात्रतेचे प्रमाणपत्र नव्याने तपासून घ्यावे. जुन्या कागदावर नवी तारीख घालून द्या, अशी विनंती कोणत्याही डॉक्टरला करू नये. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अधिवास आणि जातवैधता हे कागद मात्र कायम टिकतात. सर्व कागदांवर नाव एकाच पद्धतीने लिहिले आहे ना, हे मार्चपूर्वी पाहावे. जूनमध्ये तहसील कार्यालयात उभे राहायलाही जागा नसते.

जातवैधता अद्याप मिळाली नसेल तर आजोबांच्या पेटीकडे वळावे. पडताळणी समितीला जुने पुरावे लागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आपला किंवा आपल्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या रजिस्टरातील नोंद, जुना सातबारा यांची आठवण घरात फक्त आपल्याला असते. कोणत्या गावच्या शाळेत नाव होते, एवढे सांगितले तरी नातवाचे कित्येक फेरे वाचतात.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड: आपल्या सेवेची वाटणी. घरी अभ्यास करणारे मूल, विशेषतः मुलगी, हळूहळू घरची परिचारिका होते. कोणी तसे ठरवत नाही. ती हाताशी असते एवढेच. आठवड्याच्या गोळ्या सात कप्प्यांच्या डबीत रविवारी भरून ठेवाव्यात. हात थरथरत नसेल आणि दृष्टी ठीक असेल तर इन्सुलिन पेन स्वतः वापरायला डॉक्टरांकडून शिकावे. महिन्याची औषधे एकदाच आणावीत. तपासणीला नेण्याचे काम मुलाने, सुनेने किंवा जवळ राहणाऱ्या भाच्याने घ्यावे. नातीकडे एकच काम ठेवावे, तेही तिने निवडलेले.

आता आरोग्य. सात तासांची झोप ही चैन नव्हे. वाचलेले डोक्यात मुरते ते झोपेतच. जेवण वेळेवर आणि शक्यतो एकत्र व्हावे; त्या ताटावर परीक्षेचा विषय काढू नये. ‘नीट’ बहुधा मेच्या पहिल्या रविवारी, दुपारी दोन ते पाच होते आणि दीडनंतर आत घेत नाहीत. आपल्याकडच्या मेची दुपार मी वेगळी सांगायला नको. केंद्र आदल्या दिवशी पाहून ठेवावे, सकाळी हलके जेवण, भरपूर पाणी, डोक्यावर ओला रुमाल. शेवटच्या महिन्यात सराव चाचण्या दुपारी दोनलाच सोडवाव्यात, म्हणजे शरीरालाही त्या वेळेची सवय होते.

एक गोष्ट दबक्या आवाजात सांगितली जाते; मी स्पष्ट सांगतो. मूल बोलेनासे झाले, आपल्या वस्तू वाटू लागले, ‘माझ्यामुळे तुमचे पैसे बुडाले’ असे म्हणू लागले, तर ते आळस किंवा नाटक समजू नये. जगणे नकोसे वाटते का, असे शांतपणे, सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. त्याला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य आहे. आपल्या झोपेच्या गोळ्या आणि कपाशीचे फवारणीचे औषध आजपासूनच कुलपात ठेवावे. हे प्रत्येक घराने करावे, संशय असो वा नसो.

शेवटी मर्यादा. कायद्याने वयाची वरची अट नाही आणि प्रयत्नांची संख्याही बांधलेली नाही. म्हणून ती घरानेच, मुलासह बसून, वर्ष सुरू होतानाच ठरवावी. आयुर्वेद, भौतिकोपचार, परिचर्या यांचे पर्यायही तेव्हाच बोलून घ्यावेत. पराभवानंतर काढलेला पर्याय शिक्षेसारखा वाटतो.

त्या आजी पुढच्या महिन्यात आल्या त्या मुलाबरोबर. वही आणली होती, पण अक्षर वाकडेतिकडे होते. आजींनी स्वतः लिहिलेले. साखर दोन दिवस थोडी वर गेली होती. नात काय करते, असे मी विचारले. “वाचते,” आजी म्हणाल्या, “आणि जेवते.” निकाल काय लागेल, मला ठाऊक नाही. त्या वहीवर मी नेहमीची सही केली आणि या वेळी कौतुक आजींचे केले.