गुराख्याची कमाई



आमच्या नशिराबादेत खेळ म्हटला की कुस्ती, कबड्डी आणि पोरांच्या तोंडी क्रिकेट. बास्केटबॉल म्हणजे दहा फूट उंचावरच्या लोखंडी कड्यातून चेंडू टाकायचा खेळ. तो अजून शहरातल्या शाळा-कॉलेजांतच जास्त रमतो. तरी या खेपेला त्यातल्याच एका खेळाडूची हकीकत सांगतो, कारण तो मूळचा गुराखी.

मनूट बोल त्याचे नाव. आफ्रिकेत दक्षिण सुदानातल्या तुरालेई गावाकडचा, दिंका जमातीचा. या लोकांचे सारे जगणे गाईगुरांवर. लग्न ठरले की मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला गाई मोजून द्यायच्या. (आपल्याकडे देणे उलट बाजूने चालते, आणि १९६१ साली कायद्याने बंद होऊनही चालते.) मनूटही लहानपणी बापाची गुरे राखी.

उंची म्हणाल तर ७ फूट ७ इंच! आपल्या केळीच्या बागेत उभा राहिला असता तर घड छातीशी आला असता, आणि धाब्याच्या घरात शिरताना बिचाऱ्याला कमरेत वाकावे लागले असते. कड्याला हात लावायला त्याला उडी मारावी लागत नसे. ही उंची पाहूनच त्याला अमेरिकेत नेले. तेव्हा त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. १९८५ साली वॉशिंग्टनच्या धंदेवाईक संघाने त्याला घेतले. त्याचे काम एकच, समोरच्याने कड्याकडे फेकलेला चेंडू वरच्या वर परतवायचा. माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकणाऱ्या राखणदारासारखे. पहिल्याच हंगामात त्याने ३९७ चेंडू अडवले. साऱ्या कारकिर्दीत अडवले २,०८६, आणि स्वतः मिळवलेले गुण १,५९९. राखणदाराचा हिशेब असाच असायचा.

इकडे त्याच्या मुलखात १९८३ पासून यादवी पेटली होती. ती २००५ पर्यंत चालली. लढाई, उपासमार आणि रोगराईने सुमारे २० लाख माणसे गेली. वाचलेली छावण्यांत पडली. मनूट त्या छावण्यांत जाऊन आला आणि पैसा पाठवत राहिला. अंदाजे ३५ लाख डॉलर, म्हणजे कमाईचा मोठा भाग, त्याने असा दिला. सारेच धान्य-औषधाला गेले नाही, लढणाऱ्यांच्या फौजेलाही त्याने हात दिला. मला स्वतःला ते रुचत नाही. पण ज्याचे गाव जळते आहे त्याला घरी बसून शहाणपण कोणी शिकवावे?

बायाबापड्या वाचताना आधी विचारतील, त्याच्या घरच्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. खेळ सुटला आणि तो कंगाल झाला. २००२ साली अमेरिकेच्या दूरदर्शनवर तो एका अगडबंब फुटबॉलपटूशी मुष्टियुद्ध खेळला. अट एकच, त्याच्या मदतनिधीचा फोन नंबर पडद्यावर दाखवायचा. पुढे याच निधीसाठी त्याने बर्फावरच्या हॉकीच्या संघात नाव घातले, घोड्यांच्या शर्यतीचा जॉकीही झाला. एवढा उंच माणूस आणि जॉकी! लोक हसले. हसणाऱ्यांकडून का होईना, पैसे येत होते. २००४ साली टॅक्सीच्या अपघातात त्याच्या मानेला जबर इजा झाली, तरी हे वेड सुटले नाही.

शेवटी त्याने मनावर घेतली ती शाळा. त्या भागात कितीतरी वर्ग झाडाखाली भरतात. तुरालेईला पक्की शाळा उभारायची, आणि तशा आणखी चाळीस, असा बेत होता. २०१० साली त्या कामासाठी तो गावी गेला. तेव्हा निवडणुका होत्या, म्हणून मुक्काम लांबला, आणि तिथेच प्रकृती बिघडली. १९ जून २०१० रोजी अमेरिकेत त्याचा अंत झाला. कागदावर वय ४७. जन्मतारीख मात्र अंदाजाने लावलेली, जशी आपल्याकडे गुरुजींनी सरसकट १ जून लावली तशी.

त्याला गावाकडच्याच मातीत पुरले. वर्षभराने, ९ जुलै २०११ रोजी, दक्षिण सुदान स्वतंत्र झाला.