चाखणारी आणि चाखली जाणारी

"ताई, हा आपला विषय आहे की नाही?" आमच्या गटातल्या एका तरुण कार्यकर्तीने असे विचारले, तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता 'नाही' म्हणून मोकळी झाले. गोष्ट २०२० सालची. करोनामुळे बैठका फोनवरच चालल्या होत्या. हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या होत्या, रेशनचे प्रश्न होते, आणि ही मुलगी एक बातमी वाचून दाखवत होती व्हिस्कीची!

बातमी अशी होती. जिम मरे हे इंग्लंडमधले व्हिस्कीचे नामवंत परीक्षक. २००३ पासून 'व्हिस्की बायबल' नावाच्या त्यांच्या पुस्तकाच्या आवृत्त्या निघत गेल्या. हजारो व्हिस्क्यांची चव त्यात वर्णन केलेली असते आणि प्रत्येकीला शंभरपैकी गुण दिलेले असतात. जगभरचे शौकीन ते प्रमाण मानत. त्या वर्षीच्या आवृत्तीवर बेकी पास्किन या व्हिस्कीविषयी लिहिणाऱ्या पत्रकार बाईंनी जाहीर हरकत घेतली. व्हिस्कीला 'सेक्सी' म्हटल्याचे उल्लेख त्यांना ३४ वेळा सापडले. त्याखेरीज व्हिस्की पिण्याची तुलना बाईशी केलेल्या शरीरसंबंधाशी करणारी वाक्ये कितीतरी होती.

मी म्हणाले, "अगं, इथे गावात बाटली आडवी करताना आपले जन्म चाललेत आणि आपण साहेबांच्या महागड्या दारूची भाषा सुधारत बसायचं?" सगळ्याजणी हसल्या. मुलगी गप्प झाली. पुढच्या विषयावर चर्चा सुरू झाली.

तिचे ते गप्प होणे मात्र माझ्या मनात राहिले. आज जे लिहिते आहे ते त्यामुळेच.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी माझ्या भाचीकडे एडिंबरोला गेले. ती तिथे नोकरी करते. महिन्यातून एकदा आठ मित्रमैत्रिणी कुणा एकाच्या घरी जमतात. प्रत्येक वेळी तीन-चार बाटल्या आणायच्या, त्यांना कागद गुंडाळायचा म्हणजे नाव दिसत नाही, आणि प्रत्येकाने वही घेऊन लिहायचे. भाची म्हणाली, "मावशी, तू पिऊ नकोस, नुसती बस." मी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही, त्या दिवशीही केला नाही. पण बसले.

हे काम मुख्यतः नाकाचे असते, हे मला तिथे कळले. कारखान्यात वेगवेगळ्या पिंपांतली व्हिस्की निवडून मिसळणारे तज्ज्ञ दिवसाकाठी शेकडो नमुने तपासतात. ते पाणी घालून दारूचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आणतात आणि बहुतेक सारा निर्णय वासावर करतात. प्यायला लागले तर दुपारपर्यंत उभे राहता येणार नाही. पेलाही त्यासाठी खास असतो. बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता, म्हणजे वास आत साठून राहतो. नाक एकदम खुपसायचे नाही, तोंड किंचित उघडे ठेवायचे, मग पाण्याचे दोन थेंब टाकून पुन्हा हुंगायचे. वहीत आधी वास लिहायचा, मग चव, आणि शेवटी गिळल्यावर मागे काय रेंगाळते ते.

माझ्यापुढेही एक पेला ठेवला गेला. मी हुंगला आणि सहज म्हणाले, "ओल्या नारळाच्या वड्या थापून ठेवल्यात." भाचीने इंग्रजीतून सांगितले. सगळे माझ्याकडे बघू लागले. ती व्हिस्की अमेरिकन बर्बनच्या रिकाम्या पिंपात मुरलेली होती. स्कॉच म्हणवण्यासाठी ती निदान तीन वर्षे ओकच्या पिंपात ठेवावी लागते, तसा कायदाच आहे. त्या लाकडातून व्हॅनिलाचा आणि खोबऱ्याचा वास उतरतो. दुसऱ्या पेल्याला मी म्हटले, अनारशाचे गूळ घालून मुरत ठेवलेले पीठ आणि काळ्या मनुका. ती शेरीच्या पिंपातली निघाली. तिसरा पेला नाकाशी नेला आणि मी क्षणभर थांबलेच. टिंक्चर आयोडीन, ओव्याची धुरी, शेगडी, धुराने कोंदलेली बंद खोली. मी म्हणाले, "ही बाळंतिणीची खोली आहे."

ती आयला बेटावरची लफ्रॉइग होती. तिच्यासाठी मोड आणलेली बार्ली पीटच्या धुरावर सुकवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचत, कुजत गेलेल्या वनस्पतींचा थर, जो कापून, वाळवून सरपण म्हणून वापरतात. तो धूर धान्यात शिरतो आणि पुढे पेल्यापर्यंत टिकतो. दवाखान्यासारखा वास येतो असे तिच्याविषयी सगळेच म्हणतात. बाळंतिणीची खोली मात्र तिथे कुणी ऐकली नव्हती.

एका गृहस्थांनी विचारले, न पिणाऱ्या बाईला हे कसे जमले? मी म्हटले, चाळीस वर्षे स्वयंपाकघरात उभी आहे. दूध नासणार हे तापवायच्या आधी मला वासावरून कळते. तूप कढताना कोणत्या क्षणी उतरवायचे, मसाला खमंग होण्यातून करपण्यात कधी जातो, लोणच्याच्या बरणीत काय बिघडले, हे मी न चाखता सांगते. माझी आई सांगायची, सासू सांगायची. त्याबद्दल आम्हाला कुणी शंभरपैकी गुण दिले नाहीत की पुस्तक काढले नाही. उलट मीठ कमी पडले तर ताट भिरकावले गेलेल्या बायका आपल्या गटात आहेत. घरातल्या नाकाला सवय म्हणायचे आणि पेल्यावरच्या नाकाला रसिकता, हा भेद मला त्या संध्याकाळी प्रथम जाणवला.

मग त्यांनी आपल्या जुन्या वह्या काढल्या, आणि भाचीने काही पाने मला समजावून सांगितली. हलकी, फुलांच्या वासाची, गोडसर व्हिस्की असेल तर 'बायकी'. धुरकट, जहाल असेल तर 'मर्दानी'. काही ठिकाणी व्हिस्की कमनीय होती, काही ठिकाणी खट्याळ पोरगी होती, एके ठिकाणी वय झालेली पण अजून हवीशी वाटणारी बाई होती. लिहिणारे लोक वाईट नव्हते. मला आग्रहाने जेवू घालणारे, सभ्य लोक होते. ही भाषा त्यांनी पुस्तकांतून आणि एकमेकांकडून उचलली होती.

यातली गंमत पाहा. ज्या लफ्रॉइगला सगळ्यात मर्दानी समजतात, तो कारखाना एका बाईने चालवला. बेसी विल्यमसन १९३४ साली उन्हाळ्यापुरती टंकलेखनाची नोकरी म्हणून ग्लासगोहून तिथे आली. मालक इयन हंटर आजारी पडल्यावर कारभार तिने सांभाळला, आणि १९५४ साली ते वारले तेव्हा त्यांनी कारखाना तिच्या नावे केला. १९७२ साली निवृत्त होईपर्यंत ती तिथे होती. स्पेसाइडमधल्या कार्डूची कथाही अशीच. हेलन कमिंग ही शेतकऱ्याची बायको घरीच चोरून दारू गाळायची. जकातीचे शिपाई आले की पिठाने माखलेल्या हातांनी त्यांना चहाला बसवायची आणि आसपासच्या लोकांना सावध करायला लाल निशाण लावायची, असे सांगतात. १८२४ साली त्या भट्टीला परवाना मिळाला, तो अर्थातच तिच्या नवऱ्याच्या नावाने. पुढे तिची सून एलिझाबेथ विधवा झाल्यावर तिने भट्टी चालवली, नव्याने बांधली आणि १८९३ साली जॉनी वॉकरच्या कंपनीला विकली. त्या कंपनीच्या बाटलीवर ऐटीत चालणारा पुरुष साऱ्या जगाला ठाऊक आहे. कंपनीची सुरुवात १८२० ची. तिथल्या मुख्य मिश्रणकाराच्या जागेवर पहिली बाई, एमा वॉकर, २०२२ साली आली. आडनावाचा नुसता योगायोग. नाते काही नाही.

म्हणजे गाळणारी बाई होती, चालवणारी बाई होती. वहीत मात्र ती चाखणारी म्हणून येत नाही, चाखली जाणारी म्हणून येते.

'ही नुसती उपमा आहे, विनोद समजत नाही का?' हे वाक्य आपल्याला नवे नाही. जाहिरातींविरुद्ध, सिनेमाच्या गाण्यांविरुद्ध, पाठ्यपुस्तकांतल्या 'आई स्वयंपाक करते, बाबा पेपर वाचतात' या चित्रांविरुद्ध आपण बोललो तेव्हा हेच ऐकले. मी त्या खोलीतल्या दोन बायकांकडे पाहत होते. आठांत दोघी. एखादे असे वाक्य मोठ्याने वाचले जाते तेव्हा त्यांनी काय करायचे? हसायचे, नाहीतर गप्प बसायचे. भाची म्हणाली, "आधी आम्ही चौघी होतो." दोघींनी येणे थांबवले, कारण कुणी विचारले नाही. मग पुढे सहजच म्हटले जाते की बायकांना व्हिस्कीतले काही कळत नाही. कुणी दार लावले नाही, तरी त्या बाहेर राहिल्या.

पास्किन यांच्या लेखनानंतर काय झाले तेही सांगायला हवे. लंडनच्या 'द व्हिस्की एक्सचेंज' या मोठ्या विक्रेत्याने ते पुस्तक विकणे थांबवले. मरे यांनी आरोप नाकारला आणि हा विचारस्वातंत्र्यावरचा हल्ला आहे असे म्हटले. मला तसे वाटत नाही. त्यांचे पुस्तक कुणी जाळले नाही, बंदीही मागितली नाही. वाचकाने हरकत घेतली आणि दुकानदाराने आपले दुकान कशाने भरायचे ते ठरवले, इतकेच. बाजाराने दिलेले दुसरे उत्तर मला अधिक धोक्याचे वाटते. २०१८ साली त्याच जॉनी वॉकरने बाटलीवरच्या पुरुषाच्या जागी बाई छापून 'जेन वॉकर' काढली. आत तीच व्हिस्की. बाईला मान म्हणजे बाईचे चित्र, असा हा हिशोब. त्यावर तिकडच्या बायकांनीच टीका केली, हे बरे झाले.

आता काही मैत्रिणी रागावतील. म्हणतील, दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरलेली तू, आणि बायकांना पेल्यापाशी समान जागा मागतेस? नाही. मी कुणाला प्यायला सांगत नाही. माझे मत बदललेले नाही. पण वासाबद्दल बोलायचेच तर आणखी एक वही आहे, ती उघडल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

आपल्याकडे गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दारूचे दुकान बंद होते. अशाच एका मतदानाआधीच्या सभेत एक बाई बोलली होती. "दार उघडायच्या आधी मला वासावरनं कळतं. हातभट्टीची हाय का दुकानातली, किती झालीया, अन् पोरांना शेजारी धाडायचं का नाय." ती कधीही प्यायलेली नव्हती. तिचे नाक एडिंबरोतल्या कुठल्याही नाकाइतके तयार होते. तिला ते तयार करावे लागले. मरे यांच्या पद्धतीत वास, चव, शेवट आणि समतोल यांना २५-२५ गुण असतात. शेवट म्हणजे घोट गिळल्यावर घशात काय राहते ते. त्या बाईला विचारा, शेवट कुठे होतो. पेला स्वस्त असो की महाग, त्याचा शेवट घरात होतो. महागड्या स्कॉचच्या घरातली बाईही मार खाते, फक्त तिच्या भिंती जाड असतात.

म्हणून मला आता हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत. पेल्यातल्या दारूला बाई म्हणणारी भाषा बाईला हाताळण्याची, संपवण्याची आणि बाजूला सारण्याची वस्तू ठरवते. तीच समजूत रात्री दारातून आत येते. जे चव घेतात, लिहितात, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की जगात मनुका आहेत, धूर आहे, ओले खोबरे आहे, समुद्र आहे. शब्दांचा तुटवडा नाही. बाईला त्यातून मोकळी करा.

आणि आपल्याला सांगणे हे की, 'हा आपला विषय नाही' असे म्हणून मीही त्या बैठकीत तेच केले होते. एक मुलगी बोलली, सगळ्या हसल्या, ती गप्प झाली. परत आल्यावर मी तिला फोन केला आणि चूक कबूल केली. ती म्हणाली, "ताई, त्या दिवशी मी गट सोडणार होते. मग वाटलं, तुमच्याशी भांडायलाही गटातच राहावं लागेल." ती राहिली, हे आपले नशीब.

पुढच्या अंकासाठी तिला या विषयावर लिहायला सांगितले आहे. माझ्याशी तिचे सगळे पटत नाही, ती तसे लिहीलच. तुम्हीही लिहा. तुमच्या बैठकीत कोणता विषय हसून बाजूला टाकला गेला, आणि तेव्हा कोण गप्प झाली?