विश्लेषण : परवान्याचे रिव्हॉल्व्हर नवे, पण त्यात बदल कोणते करावेत?

पोलीस आयुक्तालयाच्या फेऱ्या, पडताळणी, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि लाखाच्या पुढची किंमत, हे सगळे पार पडून रिव्हॉल्व्हर हाती आले की बहुतेकांना लगेच प्रश्न पडतो, यात आणखी काय काय बसवता येईल? करंजाडे, वडघर, उलवे या विमानतळालगतच्या पट्ट्यात जमीन, बांधकाम किंवा वाहतुकीच्या व्यवसायातले काही जण आत्मसंरक्षणासाठी असा परवाना घेतात. त्यांच्यासाठी थोडक्यात उत्तर असे, की बाहेरून करता येणारे दोन-तीन बदल पैसे वसूल करून देतात आणि आतल्या यंत्रणेला हात लावणारा एकही बदल करू नये. सगळ्यात उपयोगी खरेदी तर शस्त्राला जोडायचीही नसते.

यूट्यूबवरचे पिस्तूल आणि परवान्यावरचे पिस्तूल

बदलांचे वेड येते ते अमेरिकी व्हिडीओंमधून. तिथे दाखवले जाते ते बहुधा ९ मिलिमीटरचे पिस्तूल. त्याच्या नळीखाली दिवा किंवा लेझर अडकवायची खाच कारखान्यातूनच येते आणि चाप, स्प्रिंग, नळी असे सुटे भाग दुकानात मांडलेले असतात. भारतात लष्करी ९ मिलिमीटर काडतूस चालणारे पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये मोडते. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला येते ते प्रामुख्याने ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा त्याच बोअरचे पिस्तूल.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचे ‘निर्भीक’ २०१४ मध्ये आले. टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅमचे, सहा गोळ्यांचे हे रिव्हॉल्व्हर तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होते. त्याची रचना जुन्या वेब्ली पद्धतीची आहे, म्हणजे मधून मोडून गोळ्या भरायच्या. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’चे सिलिंडर बाजूला उघडते, वजन ६७५ ग्रॅम आहे आणि नळी ७६ मिलिमीटरची. ही शस्त्रे सुटे भाग जोडत राहण्यासाठी बनलेलीच नाहीत. जुन्या घाटाच्या रिव्हॉल्व्हरला लेझर बसवायचे तर सांगाड्याला भोक पाडावे लागते, आणि तिथे सौदा संपतो.

वजनाचा मुद्दा मात्र खरेदीच्या आधीच बघण्यासारखा आहे. १७५ ग्रॅमचा फरक कमरेला दिवसभर जाणवतो. तितकाच तो गोळी सुटताना मनगटालाही जाणवतो, कारण हलके शस्त्र जास्त उसळते. ०.३२ चा धक्का मुळात सौम्य असतो. त्यामुळे ‘धक्का कमी करणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर पैसे घालवण्याचे कारण उरत नाही.

आधी होल्स्टर, मग पट्टा

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल न्यायचे तर ते अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. शर्ट वर करून मूठ दाखवणे हा रुबाब या नियमात बसत नाही. तरीही लाखाच्या शस्त्राला दोन-तीनशे रुपयांचे नायलॉनचे कव्हर हे दृश्य सर्रास दिसते.

चांगल्या होल्स्टरची परीक्षा साधी आहे. चापाभोवतीची कडी पूर्ण झाकली जाते का? शस्त्र बाहेर काढल्यावर होल्स्टरचे तोंड उघडे राहते का? मऊ कापडाचे तोंड मिटते. मग शस्त्र परत ठेवताना दुसऱ्या हाताने ते फाकवावे लागते आणि तो हात नळीसमोर येतो. कधी होल्स्टरचीच पट्टी किंवा शर्टाचे टोक चापात अडकते. तिसरी परीक्षा बसून घ्यायची. करंजाड्यातून कामाला निघालेला माणूस दिवसाचा बराच वेळ गाडीत किंवा दुचाकीवर असतो. उभ्याने छान वाटणारे होल्स्टर सीटबेल्टखाली बरगडीत टोचू लागले की दोन आठवड्यांत शस्त्र डॅशबोर्डच्या कप्प्यात जाते, आणि गाडीच्या काचा फोडणाऱ्यांना परवाना लागत नाही.

पट्ट्याचा विचार तर कोणीच करत नाही. पँटचा नेहमीचा मऊ पट्टा अर्ध्या-पाऊण किलोच्या वजनाने लोंबतो, होल्स्टर बाहेरच्या बाजूला कलते आणि माणूस दर पाच मिनिटांनी कमरेला हात लावतो. जाड, ताठ कातडी पट्टा घेतला की हे थांबते. महागड्या लाकडी मुठीपेक्षा या पट्ट्याचा उपयोग जास्त.

मूठ, नेम आणि नेलपॉलिशची बाटली

तरीही मूठ हा शस्त्रावरचा सर्वांत समंजस बदल आहे, कारण हात प्रत्येकाचा वेगळा असतो. मूठ जाड असली की बोटाचे टोक चापाला जेमतेम पोचते, ओढताना नळी बाजूला वळते आणि नेम चुकतो. मूठ फार बारीक असली तर करंगळी हवेत राहते. त्यामुळे बोटाचे पेर चापावर नीट बसते का, हे दुकानातच, शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून बघावे. रबरी मूठ घामट हातात घट्ट बसते, पण कपड्यालाही चिकटते. सुती शर्ट तिच्यावर गोळा होतो आणि खालचे शस्त्र उघडे पडते. अंगावर बाळगायचे असेल तर गुळगुळीत लाकूड बरे. मूळच्या पट्ट्या जपून ठेवाव्यात, म्हणजे हा बदल केव्हाही उलटवता येतो.

दुसरा बदल जवळपास फुकट आहे. या रिव्हॉल्व्हरचा पुढचा नेमाचा काटा काळा, आणि संध्याकाळच्या उजेडात काळ्यावर काळे दिसत नाही. त्याच्या मागच्या बाजूचे तेल पुसून तिथे भडक नारिंगी किंवा पांढऱ्या नेलपॉलिशचा एक थेंब लावला की डोळा आपोआप तिथे जातो. नको वाटला तर नेलपॉलिश काढायच्या द्रवाने निघतो. यंत्रणेपर्यंत मात्र काही ओघळू द्यायचे नाही.

चाप हलका करण्याचा मोह

नव्या रिव्हॉल्व्हरचा चाप जड लागतो ही सार्वत्रिक तक्रार आहे. घोडा न चढवता थेट चाप ओढला तर तीच एक ओढ सिलिंडर फिरवते, घोडा मागे नेते आणि सोडते. त्या लांब, जड ओढीमुळेच घाबरलेल्या बोटाने नकळत गोळी सुटत नाही. ‘स्प्रिंग थोडी कापून देतो’ म्हणणारा कारागीर नेमकी ही सुरक्षितता कापतो.

दुसरे नुकसान वेगळेच आहे. काडतुसाच्या बुडाशी असलेली टोपी पेटायला घोड्याचा ठोका ठरावीक जोराचा लागतो. स्प्रिंग कमजोर केली की ठोका हलका पडतो आणि गरजेच्या क्षणी नुसता ‘टक्’ आवाज येतो. काडतुसे आपल्याच राज्यातल्या, १८६९ पासून चालत आलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची असोत की परदेशी, प्रत्येक खेपेत टोपीचा कठीणपणा थोडा कमी-जास्त असतो. कारखान्याने स्प्रिंग जड ठेवली ती याचा हिशेब धरून. चाप हलका वाटायला हवा असेल, तर रिकाम्या शस्त्रावर, कारखान्याला चालत असल्यास बनावट काडतुसे घालून, सुरक्षित दिशेला सराव करावा. काही आठवड्यांत बोट तयार होते.

शस्त्राच्या आतला एकच खर्च योग्य, तो तपासणीचा. अभिनेता गोविंदा १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होता. परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटले आणि सुटलेली गोळी पायात शिरली, असे त्याच्या व्यवस्थापकाने सांगितले. रिव्हॉल्व्हरच्या लॉकचा छोटा भाग तुटलेला होता, असेही पोलिसांच्या हवाल्याने तेव्हा छापून आले. अनेक जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर धरणारा भाग नसतो, किंवा असला तरी झिजलेला असतो. अशा शस्त्रात घोड्याखालचे घर रिकामे ठेवून पाचच गोळ्या भरण्याची जुनी रीत आहे, आणि ती आजही शहाणपणाची आहे. वडिलांचे शस्त्र वारशाने नावावर करून घेणाऱ्यांनी पॉलिशच्या आधी ही तपासणी करावी.

कायदा कुठे अडवतो?

शस्त्र कायदा, १९५९ च्या व्याख्येत ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात. परदेशी संकेतस्थळावरून मागवलेली नळी किंवा सिलिंडर म्हणजे गाडीचा आरसा नव्हे. ते पार्सल कस्टममध्ये सापडले तर ‘फक्त पार्ट होता’ हा बचाव चालत नाही. आवाज किंवा ज्वाला दाबणारे उपकरण तर कायद्यात बंदुकीच्याच व्याख्येत आहे आणि नियमांत निषिद्ध वर्गात. नळी आखूड करणे किंवा एका वर्गाचे शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलणे यासाठी कलम ६ खाली वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या उल्लंघनाची शिक्षा किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप आहे.

हौसेचा मुलामाही धोक्याचा. निकेल किंवा सोनेरी मुलाम्याआधी धातू घासला जातो आणि त्यात कोरलेला क्रमांक पुसट झाला, तर प्रश्न सौंदर्याचा राहत नाही. ओळखचिन्ह पुसणे किंवा बदलणे याला कलम ८ नुसार मनाई आहे. दुरुस्ती असो वा मूठ बदलणे, काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडेच करावे आणि त्याची पावती परवान्यासोबत ठेवावी. लेथवर हात बसलेला ओळखीचा फिटर कितीही कुशल असला, तरी त्याच्या हातात शस्त्र देणे हाच गुन्हा ठरू शकतो.

शस्त्र घरी असते तेव्हा

उरलेले पैसे भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने बसवलेल्या लोखंडी पेटीवर खर्च करावेत. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. त्यात वापरलेले पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या नावे परवान्याचे होते, आणि ते हल्लेखोराच्याच कार्यालयातील लॉकरमध्ये ठेवलेले असे, असे तपासात पुढे आले. परवाना एकाचा आणि किल्ली दुसऱ्याची, ही व्यवस्था अनेक घरांत आणि कार्यालयांत बिनदिक्कत चालते. चालक, भाऊ, भागीदार कितीही विश्वासाचा असला तरी पेटीची किल्ली परवानाधारकापाशीच हवी.

इथे प्रशासनाचेही काम आहे. परवान्याची मुदत आता ५ वर्षांची झाली आहे. नूतनीकरणावेळची पाहणी क्रमांक जुळवण्यापुरती न ठेवता घोड्याचा अडसर, सिलिंडरचा खुळखुळाट आणि नळीचा गंज शस्त्रागारातल्या जाणकाराने बघावा. सोबत मालकाने लक्ष्यावर सहा गोळ्या झाडून दाखवाव्यात. गाडीला जी तपासणी लागते, ती रिव्हॉल्व्हरला नको असण्याचे कारण काय?

करंजाड्यात एक खर्च दरवर्षीचा धरावा. गाढी नदीचा काठ, खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पोलादाला मानवत नाही. कातडी होल्स्टर ओल धरते, म्हणून घरी आल्यावर शस्त्र त्यात ठेवू नये. पुसून, तेलाचा अगदी हलका हात फिरवून, पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावे. तेल काडतुसांना लागू देऊ नये, टोपीत झिरपले तर ती निकामी होते. बाळगलेली काडतुसे ठेवीसारखी जपत बसण्यापेक्षा परवान्यातल्या मर्यादेत वर्षाकाठी सरावात झाडून नवी घ्यावीत. मूठ बदलल्यानंतरही हाच क्रम पाळावा, आधी रिकाम्या शस्त्रावर चाप ओढून बघायचा आणि मग अधिकृत रेंजवर नेहमीच्याच काडतुसांनी सहाही घरे तपासायची. एकही गोळी अडली, तर शस्त्र परत विक्रेत्याकडे न्यावे.